तिघींची पकड

“ह्या टेबलावर माझा कागद राहतो आणि माझी पट्टी,” मुल्लाबाई म्हणाल्या. “तुझं ते यंत्र उचल आणि त्या खुर्चीवर ठेव.”

“खुर्चीवर लॅपटॉप ठेवला तर मी कुठं बसू?”

“ते तू बघ. इंजिनियर तू आहेस.”

आमची ओळख झाली ती अशी. करंजगिरीच्या हायस्कूलचं मैदान, जानेवारीतली सकाळ, आणि महिला कबड्डी स्पर्धेचा पहिला सामना सुरू व्हायला अर्धा तास. मी चोवीस वर्षांची होते आणि सांगलीतल्या तीन माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. त्या तीन माणसांतली सगळ्यांत धाकटी असल्यामुळे गावोगाव जायचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं. शाळेच्या भिंतीला टेकवून उभा केलेला दिव्यांचा मोठा गुणफलक भाड्याचा होता, पण त्याला काय दाखवायचं ते सांगणारा प्रोग्रॅम माझा होता. आठ महिने मी तो लिहीत होते. त्यामुळे त्याला कुणी ‘ते यंत्र’ म्हटलं की मला राग यायचा.

मुल्लाबाई त्या शाळेच्या निवृत्त पीटीच्या बाई. एकतीस वर्षं करंजगिरीच्या स्पर्धेचे गुण त्याच लिहीत आल्या होत्या. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, आणि एका टोकाला लाल नि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल. एक संघ लाल, एक निळा. प्रत्येक चढाईला एक ओळ. ओळीच्या उजवीकडे दोन छोटे आकडे असायचे, दोन्ही बाजूंना किती पोरी उभ्या आहेत त्याचे. ती ओळ संपली की पट्टी एक बोट खाली सरकायची.

मी शेवटी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले.

पहिल्या सामन्याआधी बाईंनी मुख्य पंचांना हाक मारली. “पाटील, एक सांगा. तो बोर्ड आणि माझा कागद वेगवेगळं बोलले, तर खरं कुणाचं?”

“कागदाचं, बाई. नियमच आहे.”

“झालं मग,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

थोड्या वेळानं स्पर्धेचे अध्यक्ष सर्जेरावआबा मला चहाच्या निमित्तानं बाजूला घेऊन गेले. आबा म्हणजे गोड बोलणारे, पांढऱ्या कपड्यांतले, एकाच वेळी तिघांशी हसू शकणारे गृहस्थ.

“मॅडम, बोर्ड लई भारी आहे. दोन दिवस नीट चालला की पुढच्या वर्षीपासून टेबलच बंद करतो म्हणतोय. बाईंचं वय झालं. किती दिवस त्रास द्यायचा?”

“बाईंना माहीत आहे?”

“उद्या बक्षीस समारंभात सांगू की. सत्कार करून.”

सत्कार करून माणसाला घरी बसवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मला ते ऐकून वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. बाईंची खुर्ची जाणार होती म्हणजे माझा बोर्ड राहणार होता. मी चहा पिऊन मुकाट्यानं बाईंच्या शेजारी येऊन बसले आणि दिवसभर त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही असं ठरवलं.

ते जमलं नाही, कारण बाईंचं तोंड बंद राहत नसे. दुसऱ्या सामन्यात मी एक बोनस गुण घ्यायला विसरले, तेव्हा त्यांनी पट्टीनं माझ्या गुडघ्यावर टकटक केली. चौथ्या सामन्यापर्यंत लॅपटॉप टेबलाच्या कोपऱ्यावर आला होता. पाचव्याला त्यांनी डब्यातली भाकरी आणि वांग्याचं भरीत माझ्यापुढे सरकवलं आणि मला कबड्डी शिकवायला घेतली. मला कबड्डी येत होती, निदान नियम तरी पाठ होते. पण बाईंना ते सांगून उपयोग नव्हता.

“पकड झाली की तीन कामं,” त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. “पहिलं, पकडणाऱ्या बाजूला किती पोरी उभ्या होत्या ते बघ. तीन किंवा त्याहून कमी असतील तर ती अव्वल पकड. एक गुण जादा. दुसरं, गुण दे. तिसरं, त्यांची बाद होऊन बाहेर बसलेली एक पोर आत घे. ह्याच क्रमानं.”

“क्रम चुकला तर?”

“आधी आत घेतलीस तर तिघींच्या चौघी होतील. मग जादा गुण गेला पाण्यात. नव्या पोरी हमखास हीच चूक करतात.”

“माझा प्रोग्रॅम नाही करत,” मी म्हणाले. “त्यातही ही तीन वेगवेगळी कामं आहेत, आत घ्यायला मी ‘उठव’ म्हणते. बघ, दे, उठव. एकेक काम एवढंसंच. सामन्याची आत्ताची स्थिती घ्यायची, आपला एकच बदल करायचा आणि नवी स्थिती पुढच्याच्या हातात द्यायची.”

“आणि जुनी खोडायची?”

“नाही. जुनी तशीच राहते.”

बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “हे मात्र बरं केलंस. खाडाखोड मला चालत नाही.”

त्या दिवशी पाचही सामन्यांत कागद आणि बोर्ड गुणन्‌गुण जुळले. संध्याकाळी एसटीतून सांगलीला जाताना मी स्वतःवर भलतीच खूश होते.

माझी आई म्हणते, केतकीला सुख टोचतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी मैदानावर हजर होते. सामने अकराला. हातात चहा, समोर लॅपटॉप आणि करायला काही काम नाही. मी माझाच प्रोग्रॅम वाचत बसले. पकडीची ती तीन कामं मी सुरुवातीला एकाच्या पोटात एक अशी लिहिली होती, डब्यात डबा ठेवावा तशी. चालत होती, पण दिसायला गबाळी होती. सगळ्यांत आतला डबा आधी उघडायचा, मग त्याच्या बाहेरचा. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे माझ्या प्रोग्रॅमच्या भाषेत, अशी लहान लहान कामं एका माळेत ओवून त्यांचं एक काम करून देणारं छोटं साधन असतं. आम्ही त्याला कंपोज म्हणतो. मी म्हटलं, दोन तास आहेत, घ्या ओवून. बाईंनी सांगितलं होतं त्याच क्रमानं लिहिलं. बघ, दे, उठव. एका ओळीत, शिस्तीत. वाचलं की बाईंचा आवाज ऐकू यावा असं.

मग एक खोटी पकड टाकून पाहिली. पकडणाऱ्या बाजूला दोघी उभ्या, पकड झाली, बोर्डावर दोन गुण. बरोबर. सकाळच्या उपांत्य सामन्यात तर खरोखरच दोघींनी मिळून एक दणकट चढाईवाली आडवी केली, बोर्डानं लगेच दोन गुण दाखवले आणि मैदानभर टाळ्या पडल्या. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी ओळ पुरी केली, पट्टी सरकवली आणि म्हणाल्या, “हं. शिकतंय तुझं पोरगं.”

दुपारी तीनला अंतिम सामना. एका बाजूला आमच्याच करंजगिरीच्या मुली, दुसऱ्या बाजूला नदीपलीकडच्या सोनवडीच्या. भिंतीवर, झाडावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, जिथं बूड टेकेल तिथं माणूस. करंजगिरीची कर्णधार संयोगिता ही चढाईला निघाली की सगळं मैदान तिच्याबरोबर दम धरायचं.

शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा करंजगिरी २९, सोनवडी २७. संयोगिता चढाईला गेली. उजवीकडून आत शिरली, एक पाय लांबवला, आणि सोनवडीच्या डाव्या कोपऱ्यातल्या मुलीनं तो घोटा धरला तो सोडलाच नाही. बाकीच्या अंगावर पडल्या. धुरळा, शिट्टी, पंचाचा हात वर. पकड.

मी पकडीचं बटण दाबलं. बोर्डावर २९-२८. समालोचकानं ते लगेच माईकवर वाचून दाखवलं.

“बोर्ड चुकला,” बाई शांतपणे म्हणाल्या. “अव्वल पकड आहे. एकोणतीस-एकोणतीस.”

टेबलाजवळच्या चारपाच जणांनी ते ऐकलं आणि अर्ध्या मिनिटात सगळ्या मैदानाला कळलं. आपल्या गावची आघाडी आपल्याच गावची बाई पुसायला निघाली आहे म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं.

“बाई, चष्मा बदला!” भिंतीवरून कुणीतरी ओरडलं.

“कॉम्प्युटर चुकतोय होय कधी?”

पाटील धावत टेबलाशी आले, पाठोपाठ दोन्ही पंच. “तिघी होत्या का चौघी?” पाटलांनी विचारलं. एक पंच म्हणाला तिघी. दुसरा म्हणाला, मला तर चौघी दिसल्या, पण चौथी शिट्टी झाल्यावर आत आली असेल तर सांगता येत नाही. पाटलांनी मान वर करून बोर्डाकडे पाहिलं. गुणांच्या खाली उभ्या खेळाडूंचे दिवे होते. सोनवडीचे चार दिवे लख्ख पेटले होते.

“बाई, बोर्ड चार दाखवतोय हो,” पाटील ओशाळून म्हणाले.

“पाटील, तीन.”

“पण बाई, एवढी माणसं—”

“माणसं तीनशे असू देत. पोरी तीन होत्या.”

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण पट्टी त्यांनी त्या ओळीखाली दाबून धरली होती. एकतीस वर्षांत त्यांच्या कागदावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आज ठेवणारी माणसं बहुतेक त्यांनीच शाळेत उठाबशा काढायला लावलेली होती.

मी स्क्रीनकडे पाहत होते. सामन्यातली प्रत्येक घटना तिथं एकाखाली एक नोंदलेली होती. शेवटून दुसऱ्या नोंदीनंतर सोनवडीच्या उभ्या मुली तीन. पकडीच्या नोंदीनंतर चार. जादा गुण शून्य.  सकाळी ज्या साधनात मी बघ, दे, उठव ओवलं होतं, ते साधन माळ शेवटच्या मण्यापासून सुरू करतं. आधी उठव. मग दे. मग बघ. हे मला नवं होतं असं नाही. कॉलेजच्या पोरांना मीच शिकवलं होतं. दोघींच्या पकडीत चूक दिसली नाही, कारण दोघींच्या तिघी झाल्या तरी जादा गुण मिळतोच. चूक दिसायला बरोब्बर तिघीच हव्या होत्या. नव्या पोरी हमखास करतात ती चूक माझ्या प्रोग्रॅमनं केली होती, आणि तीसुद्धा बाईंचं अक्षरशः ऐकून.

सर्जेरावआबा माझ्या खुर्चीमागं येऊन वाकले. “मॅडम, तुम्ही काही बोलू नका. बोर्ड म्हणतोय अठ्ठावीस, तर अठ्ठावीस. पाटलांना मी बघतो. बाईंचं काय, आज नाही तर उद्या थांबायच्याच होत्या.”

मी गप्प राहिले असते तर काय झालं असतं हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. बोर्ड राहिला असता. कंपनीला पुढची दहा गावं मिळाली असती. आणि मुल्लाबाई, ज्यांना दिसत नाही त्या बाई, म्हणून घरी गेल्या असत्या. मला आबांचा इतका राग आला की भीती वाटायचं राहूनच गेलं.

मी उठले आणि समालोचकाच्या हातातला माईक घेतला.

“बोर्ड चुकलाय,” मी म्हणाले. माझा आवाज त्या कर्ण्यातून परक्या बाईसारखा आला. “बोर्ड चुकलाय म्हणजे मी चुकलेय. आज सकाळी प्रोग्रॅम नीटनेटका करायला गेले आणि कामाचा क्रम उलटा झाला. बोर्डानं बाहेरची पोर आधी आत घेतली आणि मग मोजल्या. म्हणून तिघींच्या चौघी दिसल्या. बाईंचा कागद बरोबर आहे.”

 मग ट्रॉलीतून एक आजोबा ओरडले, “आन् हे आम्ही कशावरनं खरं मानायचं?”

प्रश्न रास्त होता. पाटलांनी मला पाच मिनिटं दिली.

ती सुधारणा करायला पाच सेकंद लागली. तीन नावं उलट्या क्रमानं लिहायची, एवढंच. ती कामं सुटी सुटी, एकेकटी होती म्हणून. नाहीतर मी आजही तिथंच शोधत बसले असते. पण लोकांना ते दिसणार नव्हतं. लोकांना दिसायला हवं होतं. माझा प्रोग्रॅम गुण कधी साठवून ठेवत नसे. तो फक्त घडलेल्या घटना साठवायचा आणि गुण दर वेळी पहिल्या चढाईपासून नव्यानं काढायचा. एरवी डोळ्याचं पातं लवायच्या आत. पण तपासणीसाठी मी एक संथ वेगही ठेवला होता.

“बाई,” मी खाली बसत म्हणाले, “मी सामना पहिल्यापासून पुन्हा चालवते. बोर्डावर. तुम्ही तुमचा कागद पहिल्या ओळीपासून वाचाल?”

“माईकवर?”

“माईकवर.”

बाईंनी पट्टी उचलून कागदाच्या अगदी वर ठेवली. मी बोर्ड शून्य-शून्य केला. लोकांत कुजबुज झाली, कुणीतरी म्हणालं, घ्या, होतं ते पण पुसलं.

“करंजगिरी एक, सोनवडी शून्य,” बाई म्हणाल्या.

बोर्डावर १-०.

“एक-एक. एक-दोन, बोनस. दोन-दोन.”

बोर्ड त्यांच्या मागोमाग पळत होता. पहिल्या दहा ओळींपर्यंत लोक नुसते बघत राहिले. मग झाडावरची पोरं बाईंबरोबर म्हणायला लागली. “पाच-चार!” बोर्डावर ५-४. “सात-चार!” मग भिंत सामील झाली, मग ट्रॉली. मध्यंतराच्या आधी सोनवडीच्या सगळ्या मुली बाद होऊन त्यांच्यावर लोण चढला होता, तो आला तेव्हा करंजगिरीकरांनी तो पुन्हा एकदा पहिल्यासारखाच साजरा केला, शिट्ट्यांसकट. दोन्ही संघांच्या मुली मैदानात मांडी घालून बसल्या होत्या आणि स्वतःचाच सामना ऐकत होत्या. एखादी चढाई आली की जिची ती असेल तिला बाकीच्या ढोसत होत्या. बाईंचा आवाज आता कवायतीचा झाला होता. पट्टी खाली खाली येत होती आणि एकदाही कागद एक आणि बोर्ड दुसरंच सांगतोय असं झालं नाही.

“एकोणतीस-सत्तावीस,” बाई म्हणाल्या आणि थांबल्या. पट्टी शेवटच्या ओळीवर.  “सोनवडी, तीन खेळाडू. पकड. अव्वल. एकोणतीस...”

“एकोणतीस!” सगळं मैदान ओरडलं, आणि बोर्डावर २९-२९ लागलं.

आपल्या गावची आघाडी गेली म्हणून टाळ्या वाजवणारं गाव मी पुन्हा पाहिलेलं नाही. ट्रॉलीतल्या आजोबांनी टोपी काढून हवेत उडवली. मी रडत होते का हसत होते मला सांगता येणार नाही. बाईंनी पट्टीनं माझ्या गुडघ्यावर टकटक केली. “डोळे पूस. तीन मिनिटं राहिल्यात अजून.”

त्या तीन मिनिटांत सोनवडी एका गुणानं जिंकली. ३०-३१. कागदावरही आणि बोर्डावरही.

सामना संपल्यावर संयोगिता कोपराला माती लागलेली, तशीच टेबलाशी आली. “बाई, तिघीच होत्या. मला धरलेलं, मला म्हाईत नसेल होय?”

“मग तेव्हा का नाही बोललीस, भवाने?”

“धाप लागलेली, बाई,” ती म्हणाली. बाईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तीच पाठ बराच वेळ थोपटत राहिल्या.

बक्षीस समारंभात आबा शाल आणि नारळ घेऊन उभे राहिले. “मुल्लाबाईंनी एकतीस वर्षं या मातीची सेवा केली,” त्यांनी सुरुवात केली. “माणसानं कुठंतरी थांबायलाही हवं. म्हणून मंडळानं असं ठरवलंय, की पुढच्या वर्षीपासून—”

“पुढच्या वर्षी पण बाईच!” झाडावरून आवाज आला. मग भिंतीवरून. मग सोनवडीच्या मुलींनी त्याची घोषणाच करून टाकली. आबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. घोषणा थांबेपर्यंत हसत उभे राहिले आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथून बिनदिक्कत उचललं. “—पुढच्या वर्षीपासून बाईंच्या टेबलाला मांडव घालायचा! उन्हात बसवतो का आपण त्यांना?”

बाईंनी शाल घेतली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसून बघितलं. “बरं झालं,” त्या मला म्हणाल्या. “खुर्ची टोचत होती.”

गर्दी पांगली. मी वायरी गुंडाळत होते, बाई कागद लावत होत्या. मला राहवेना.

“बाई, दोन पंचांना सांगता आलं नाही. एवढ्या धुरळ्यात तुम्हाला तिघी दिसल्या कशा?”

बाईंनी इकडंतिकडं पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं.

“मला कुठं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. जवळचा कागद दिसतो. मैदान म्हणजे नुसता लाल-निळा धूर. दोन वर्षं झाली.”

मी वायर खाली टाकली. “मग?”

“मग काय? शिट्टी ऐकू येते. पंचाचा पुकारा ऐकू येतो. मागच्या ओळीत सोनवडीच्या तीन होत्या. मधे कुणी आत आली नाही. मग चौथी कुठनं येणार?”

 मागची ओळ, एक घडलेली गोष्ट, पुढची ओळ. जुनं खोडायचं नाही. आठ महिने घाम गाळून मी जे लॅपटॉपात लिहिलं होतं, ते ही बाई लाल-निळ्या पेन्सिलीनं करत होती, आणि मैदान न बघता करत होती. मी हसायला लागले ते थांबेना.

“हसू नकोस. आणि आबांना सांगू नकोस.”

“नाही सांगणार. पण ऑपरेशन करायचं. पुढच्या महिन्यात. सांगलीला मी घेऊन जाते.”

“आधी मार्च होऊ दे. शाळांच्या स्पर्धा आहेत,” त्या म्हणाल्या. पण फेब्रुवारीत आल्या. एक डोळा झाला, मग दुसरा. आमच्या घरी आठ दिवस राहिल्या आणि आईच्या भरतात काय कमी आहे ते रोज सांगत राहिल्या.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. त्यानंतरच्या जानेवारीत करंजगिरीला टेबलावर खरोखरच मांडव होता. लॅपटॉपला बाईंनी स्वतः जागा करून दिली होती. पहिलाच सामना, सातवी का आठवी चढाई. संयोगिता गेली, दोघींच्या मधून वाकली, तिसरीच्या डोक्याला हात टेकवून तिच्यावरून उडी मारली आणि मध्यरेषेवर येऊन पडली. मैदान उसळलं. मी तीन गुण टाकले आणि शेजारी पाहिलं.

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. पेन्सिल हवेत, तोंड उघडं. कागदावर मागच्या चार चढायांच्या ओळी कोऱ्या होत्या.

“अगं,” त्या हळूच म्हणाल्या, “किती सुरेख खेळतात गं ह्या पोरी.”

मग भानावर आल्या, खाली बसल्या, पट्टी शोधली. इकडंतिकडं पाहून माझ्या कानाशी लागल्या. “किती झाले?”

मी स्क्रीनवरून एकेक ओळ सांगितली. पहिल्या दोन त्यांनी भराभरा लिहिल्या. तिसरी सांगतेय तोवर सोनवडीची चढाई निघाली, आणि बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.